एकट्या माणसाने रोज घरी रांधावं का? (वहीतल्या हिशोबासकट)

वहीखाते
१४ जुलै २०२५, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. पाच वर्षं रोमात (म्हणजे नुसती वाचत) आहे, धागा पहिलाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. वय ६६, सरकारी कचेरीच्या हिशोब खात्यातून निवृत्त. हे दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा बंगळूरला, लेक बडोद्याला. लग्न झाल्यापासून घरखर्चाची वही ठेवते, अशा ४१ वह्या कपाटात आहेत. पहिलीत रॉकेलचे दर आहेत.

तर झालंय असं की पाच माणसांचा स्वयंपाक मला कधी जड गेला नाही, दोघांचाही नाही. एकीचा जातो. कुकरमध्ये दोन भांडी लावायची आणि दोन्हीत मूठमूठ. पाव किलो तोंडली तीन दिवस पुरतात, तिसऱ्या दिवशी तोंडल्यांकडे बघवत नाही. कोथिंबिरीची जुडी निम्मी पिवळी होते. मेथी आणणं तर सोडूनच दिलंय, कारण अर्धी जुडी मागितली की भाजीवाला आधी माझ्याकडे बघतो, मग पिशवीकडे.

म्हणून मे महिना पूर्ण घरी केलं आणि जूनमध्ये डबा लावला. शेजारच्या इमारतीतल्या एक बाई देतात: चार पोळ्या, भाजी, आमटी, भात. दुपारी जेवून रात्रीपुरतं उरतं, वर ताक केलं की झालं. दूध, चहा, फळं, औषधं दोन्ही महिन्यांत सारखी, म्हणून धरलेली नाहीत.

मे. वाणसामान १६४०, भाजी ११५२, गॅस २१३ (सिलिंडर ८५२.५० ला, मला चार महिने जातं). एकूण ३००५. यातलं फेकलं गेलं ते ३१० रुपयांचं. हो, फेकलेलंही लिहिलं आहे.

जून. डबा ९५ रुपये, २५ दिवस (रविवारी बंद, आणि यंदा जूनमध्ये रविवार पाच), म्हणजे २३७५. नाश्ता आणि रविवार धरून वाणसामान-भाजी ७७०, गॅस ८०. एकूण ३२२५.

म्हणजे घरी करून मी २२० रुपये वाचवले. भाजी निवडण्यापासून ओटा पुसेपर्यंत रोज १ तास ५० मिनिटं जातात, घड्याळ लावून पाहिलंय. पंचवीस दिवसांचे जवळजवळ ४६ तास. सवयीने भागाकार केला. तासाला पावणेपाच रुपये.

मुलांना सांगितलं तर म्हणाली, "आई, पैशाचा प्रश्नच नाही, घरचं ते घरचं." पैशाचा नाही हे मलाही कळतं, पेन्शन आहे. मग कशाचा आहे, एवढंच विचारायला इथे आले.


हिशेबनीस
१४ जुलै, ११:४२

ताई, असा धागा रोज येवो. पण एक शंका. क्रिसिल ही पतमापन संस्था दर महिन्याला घरच्या थाळीचा खर्च काढते. पोळी, भात, डाळ, कांदा-बटाटा-टोमॅटोची भाजी, दही, कोशिंबीर, गॅससुद्धा धरून. सध्या शाकाहारी थाळी २७-२८ रुपयांना पडते. गेल्या ऑक्टोबरात कांदा-टोमॅटोने ३३ च्या वर नेली होती, आता उतरली आहे.

महिन्याच्या ६० थाळ्या धरल्या तरी १७०० च्या आत बसायला हवं. तुमचे ३००५ आहेत. नाश्त्याचे पाचेकशे वजा करा, तरी गळती आहे. ती बंद झाली की डबा स्पर्धेतच उरत नाही.


वहीखाते
१४ जुलै, १२:०५

गळती आहेच, ३१० ची लिहिली. बाकीचं ऐका. त्यांच्या थाळीत एकादशीचा साबुदाणा नसेल, कोणी आलं तर लागणारा चिवडा नसेल. आणि मी पाव किलो घेते त्याला पाव किलोचाच भाव पडतो. किलोचा भाव ४० असेल तर पावाला १५ सांगतात, १० नाही.

आणि त्या २७ रुपयांत लाटणारीची मजुरी कुठल्या रकान्यात आहे?


हिशेबनीस
१४ जुलै, १२:११

नाही. ती धरत नाहीत. फक्त जिन्नस आणि इंधन.


सांजवात
१४ जुलै, १२:३०

धरणार कुठून? देशाची 'वेळेच्या वापराची पाहणी' २०१९ मध्ये झाली आणि पुन्हा २०२४ मध्ये. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ पहिल्या खेपेला २९९ मिनिटं होता, दुसऱ्या खेपेला २८९. पुरुषांचा ९७ होता तो ८८ झाला. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी स्वतःची नऊ वाचवली. शिवाय हे ८८ फक्त जे पुरुष काही करतात त्यांचेच. बहुतेक तर मोजणीतच नाहीत.

वहीखाते, तुमचा भागाकार फ्रीजवर चिकटवतेय. घरात दोन वाचक आहेत.


स्पष्टवक्ता
१४ जुलै, दुपारी १:१५

आमच्या आईने चुलीवर अकरा माणसांचं केलं. कधी मिनिटं मोजली नाहीत. हल्ली प्रत्येक गोष्टीचा भागाकार. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणायचं आणि डबा लावायचा.


तिसरा मजला
१४ जुलै, १:२०

@स्पष्टवक्ता, आणि तुम्ही काय करता घरी? प्रामाणिक प्रश्न आहे.


स्पष्टवक्ता
१४ जुलै, १:२४

विषयाला धरून बोला.


गिरणगावची लेक
१४ जुलै, २:५०

डबा लावणं म्हणजे नवीन थेर नव्हे हो. माझी आजी लालबागला खाणावळ चालवायची. खाणावळ म्हटली की पाटी, टेबलं, गल्ल्यावर मालक डोळ्यासमोर येतो. तसलं काही नाही. चाळीतली दहा बाय बाराची खोली, त्यातच आम्ही सहा जण, आणि त्याच खोलीत पाळीपाळीने जेवून जाणारी चौदा माणसं. सगळी साताऱ्याकडची, मिलमधली. बायकापोरं गावाला आणि ही माणसं वीस-वीस जण एका गाळ्यात राहायची. पाळीप्रमाणे झोपायची, एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडायची. तिथे चूल कुठे मांडणार? त्यांना परवडतं की नाही हा प्रश्नच नव्हता.

आजी पहाटे साडेतीनला उठायची. पहिल्या पाळीच्या माणसांना भाकरी बांधून द्यायची, मग दुसऱ्या पाळीची, मग रात्रपाळीची. स्टोव्ह दिवसभर थंड होत नसे. पैसे पगार झाला की महिन्याचे. तोवर वाणी उधारीवर धान्य द्यायचा आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. म्हणजे चौदा माणसांना महिनाभर जेवू घालायचं भांडवल माझ्या आजीचं, आणि तिला अक्षर वाचता येत नव्हतं. भिंतीवर कोळशाने रेघा असायच्या. पाहुणा जेवला तर आडवी रेघ.

प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. गट करून एकमेकींच्या जामिनावर बँकेचं कर्ज मिळायला लागलं, तेव्हा कुठे वाण्याचा फास सैल झाला. आजीने त्या कर्जातून पितळेची मोठी परात आणि दोन पोती गहू एकदम घेतले. परात माझ्याकडे आहे. तीत एकट्याची कणीक मळली तर शोधावी लागेल.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप लागला. माणसं "पंधरा दिवसांत येतो" म्हणून गावाला गेली. काही आलीच नाहीत, रेघा भिंतीवर राहिल्या. आजीने त्या पुसल्या नाहीत, पुढे चुना मारला तेव्हाच गेल्या.

एकदा मी विचारलं होतं, आजी, तुला सुटायचं किती? म्हणाली, "माझी पोरं फुकट जेवली, तेवढंच."

@स्पष्टवक्ता, तुमच्या आईंनी मिनिटं मोजली नाहीत असं तुम्ही म्हणता. त्यांना कधी विचारलंय का?


वाचणारा
१४ जुलै, ३:०२

दंडवत. यावर स्वतंत्र लेख लिहा.


सोलापुरी शेंगा
१४ जुलै, ३:१५

एक बारीक शंका. वहीखाते ताईंच्या डब्यात रोज चार पोळ्या म्हणजे पुरणाच्या का? ९५ रुपयांत पुरणाच्या चार मिळत असतील तर पत्ता द्या. आमच्याकडं त्याला चपाती म्हणतात.


(इथे पोळी-चपाती-घडीची-फुलका यांवरचे ३१ प्रतिसाद जुन्या 'पोळी की चपाती' धाग्यावर हलवले आहेत. तो धागा त्यासाठीच जिवंत ठेवला आहे. संपादक)


वऱ्हाडी ठेचा
१४ जुलै, सायंकाळी ६:४०

मोबाईलवरून लिहून राहिलो, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी अमरावतीचा, सध्या पुण्यात सदाशिव पेठेत, एमपीएससीचं तिसरं वर्ष. आमच्या खोलीत गॅस चालत नाही, मालकानं पहिल्याच दिवशी बजावलं. इंडक्शन लपवून ठेवलं होतं, पण विजेचं बिल काही लपत नाही ना बाप्पा.

मेस दोन वेळची ३४०० महिना. रविवारी सकाळी फिस्ट, संध्याकाळी बंद. त्या फिस्टच्या आशेवर शनिवार काढतो. वरणात डाळ शोधणं हा आमचा बुद्धिमापन चाचणीचा सराव होय. गावी गेलो की वजन तीन किलोनं वाढतं.

महिनाअखेरीला शिवभोजन. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालं ते. प्रत्येक शिवभोजन केंद्राचा रोजचा कोटा ठरलेला असतो, उशिरा गेलं की संपलेलं. पण हिशेबनीस साहेब, यातून एक आकडा तुमच्यासाठी. सरकार त्या थाळीचे शहरात ५० रुपये धरते. आमचे १० आणि सरकारचे ४०. हा भाव २०२० चा. तुमच्या २७ च्या थाळीत शिजवणारा, वाढणारा, भांडी घासणारा घातला की असा ५० होते.


हिशेबनीस
१४ जुलै, ७:०५

हे मला सुचायला हवं होतं. मान्य. २७ आणि ५० मधलं अंतर म्हणजे माणसं, भाडं आणि थोडा नफा.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. २०१९-२० च्या आर्थिक पाहणी अहवालात थाळीवर आख्खं प्रकरण होतं. त्यात कुटुंबाची वर्षाची बचत काढताना घर पाच माणसांचं धरलं आहे, दिवसाला माणशी दोन थाळ्या.


वहीखाते
१४ जुलै, ७:१२

बघा म्हणजे. माझ्या टेबलाला चार खुर्च्या, त्यातल्या तीन रिकाम्या. पाचवी तर कधी घेतलीच नाही.


तिसरा मजला
१४ जुलै, रात्री १०:२०

मी वय २९, ठाण्यात एकटा. परवा अ‍ॅपवरून डाळखिचडी मागवली. खिचडी २१०, पॅकिंग २०, त्यावर ५ टक्के जीएसटी, डिलिव्हरी ३५, प्लॅटफॉर्म फी वेगळी (२०२३ मध्ये ही दोन रुपयांनी सुरू झाली तेव्हा कोणी मनावर घेतलं नव्हतं), त्या फीवर आणखी कर. हातात आली २८८ ला. मूठभर तांदूळ, मूठभर डाळ आणि पाणी. घरी पंचवीस रुपयांत होते आणि मला येते.

तरी मागवली. का, तर सिंकमध्ये आदल्या दिवशीचा कुकर होता. लोक स्वयंपाक, स्वयंपाक म्हणतात. माझ्या मते सगळा प्रश्न भांड्यांचा आहे. खिचडी वीस मिनिटं, पण कुकर, झाकण, शिटी, डाव, फोडणीचं कढलं, ताट, वाटी. एका माणसाला भांडी चार माणसांएवढीच लागतात.


सांजवात
१४ जुलै, १०:३१

फोडणी कुकरमध्येच करून त्यातच खिचडी लाव. एक भांडं, एक डाव. कढलं कशाला काढतोस?


तिसरा मजला
१४ जुलै, १०:३३

... हे २९ वर्षांत मला कोणी सांगितलं नाही.


इझार नदीकाठी
१५ जुलै, पहाटे १:४०

म्युनिकहून. इथे हा प्रश्न कोणाला पडत नाही, कारण उत्तर बिलावर छापून येतं. तासाचं किमान वेतन यंदा (२०२५) १२.८२ युरो आहे. पदार्थ साधा असो नाहीतर खास, तो करणाऱ्याला आणि आणून देणाऱ्याला तेवढे द्यावेच लागतात. त्यात हॉटेलात बसून खाल्लं तर १९ टक्के कर. करोनात तो ७ वर आणला होता, जानेवारी २०२४ पासून परत १९, यंदाही तेवढाच. किराण्यावर मात्र ७. साधं जेवण पंधरा-अठरा युरोला. राजमा-भात घरी दोन युरोत होतो. म्हणून इथे आमचे हात चालतात. पुण्यात असताना मी चहासुद्धा टाकला नव्हता, बायको साक्षीदार आहे.

रविवारी चाळीस पोळ्या लाटतो, मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये. पहिल्या महिन्यातल्या आफ्रिकेच्या नकाशासारख्या होत्या. आता श्रीलंकेपर्यंत पोचलोय.

भारतात डबा स्वस्त वाटतो तो डाळ-तांदूळ स्वस्त म्हणून नव्हे, डबा करणाऱ्या बाईंचा तास स्वस्त म्हणून. हे तिथे राहून मला दिसलं नव्हतं.


परातभर
१५ जुलै, दुपारी २:१०

दुपारचे डबे गेले की वाचायला बसते, म्हणून उशीर. माझाच विषय निघालाय म्हणून लिहिते. कल्याणला घरून ३६ डबे करते, नऊ वर्षं झाली. भाव ९० रुपये. वहीखाते ताईंनी वही उघडली, मीही उघडते.

एका डब्याला जिन्नस ४४. गॅस ५ (१९ किलोचं व्यापारी सिलिंडर सोळाशेच्या वर, नऊ दिवस जातं). पोळ्यांना बाई येते, तिला पोळीमागे दोन रुपये, म्हणजे डब्याला ८. पोचवणाऱ्या मुलाला १०. फॉइल, साबण, फुटलेली झाकणं यांचे ३. झाले ७०. उरले २०. दिवसाचे ७२०. पहाटे पाच ते दुपारी एक उभी असते. तासाला नव्वद पडतात. ताई, तुम्ही पावणेपाच रुपयांत करत होतात. आमच्या धंद्याला असली बाई मिळाली तर सोन्याची.

जिन्नस एवढ्यात बसतात ते कल्याणच्या मार्केट यार्डात पहाटे जाते म्हणून. दहा किलोची पाटी घेतली की भाव वेगळाच. कोथिंबीर पिवळी पडायला माझ्याकडे थांबत नाही, देठ वाटणात जातात, फ्लॉवरची कोवळी पानं झुणक्यात. एकट्या माणसाला हे जमत नाही. यात त्याचा आळस नसतो, जुडीच चार माणसांच्या मापाची बांधलेली असते.

पण सगळं गोड नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो दीडशेवर गेला तेव्हा डबा पाच रुपयांनी वाढवला, त्या आठवड्यात सहा जणांनी बंद केला. मग टोमॅटोच बंद केला, आमसुलाची आमटी सुरू केली. भाव पाच रुपयांनी उतरवला तरी सहातले चारच परतले. लोक हॉटेलात पाचशेच्या बिलावर पन्नास टीप ठेवतात आणि माझ्याशी पाच रुपयांवरून वाद घालतात. असो.


वहीखाते
१५ जुलै, २:४५

परातभर, एक विचारते. मला रक्तदाबाची गोळी आहे. जूनच्या डब्यात मीठ आणि तेल जरा वरच्या बाजूला होतं. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, सगळ्यांना एकच असतं. 'घरचं ते घरचं' हे लेकीचं म्हणणं याच एका मुद्द्यावर मला पटतं.


परातभर
१५ जुलै, ३:००

लेकीचं बरोबर आहे. माझ्याकडे चौघांचं मीठ कमी असतं. भाजीत मीठ घालायच्या आधी त्यांची बाजूला काढते आणि त्या डब्यांच्या झाकणाला लाल रबर लावते. विचारून बघा, पाच-दहा रुपये जास्त देते म्हणून सांगा, बहुतेक करतील. तेलाचं मात्र खरं आहे. कमी तेलाची भाजी दुपारपर्यंत डब्यात सुकते आणि गिऱ्हाईक म्हणतं, कालची आहे. तळणीचं उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी वापरतात का, हेही विचारा. आणि अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक. यंदाच्या (२०२५) नियमाने वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असलेल्या धंद्याला वर्षाला शंभर रुपयांत होते ती नोंदणी. नसेल तर का नाही, हे विचारायला लाजू नका. मला विचारलं की मी पावती दाखवते.


पोदेराची सायकल
१५ जुलै, सायंकाळी ५:३०

म्हापशाहून. घरचं-बाहेरचं ही रेघ तुम्ही ओढता कुठे, ते मला कळत नाही. आमच्याकडे पाव कोणीच घरी भाजत नाही. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ सायकलवर येतो, भोंपू वाजवतो, आजी पिशवी घेऊन उंबऱ्यात. उंडो, पोय, काकण, सगळे पावाचेच प्रकार. त्यावरून माझ्या आजीला कोणी आळशी म्हटलेलं ऐकलं नाही. घरात भट्टी नाही, विषय संपला. हुमण (माशांची आमटी) तेवढं घरचं लागतं, त्यात ती कोणाचं ऐकत नाही.

तुमच्याकडेही जातं गेलं की. दळण गिरणीतून आणता, ते बाहेरचं झालं का?


सांजवात
१५ जुलै, ५:४२

आणि लोणची, पापड, मसाला, इडलीचं पीठ. पोळीपाशी आल्यावर मात्र सगळ्यांना आई आठवते.


स्पष्टवक्ता
१५ जुलै, रात्री ९:१०

काल फोनवर आईला विचारलं. ८३ वर्षांची आहे. म्हणाली, "मोजत होते की. तुझे बाबा जेवायला बसले की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, मी पण बघायचे." पुढे काही बोलली नाही.

लिहितो एवढंच.


गिरणगावची लेक
१५ जुलै, ९:२५

त्यांना आमचा नमस्कार सांगा.


वहीखाते
१० ऑगस्ट २०२५, दुपारी ४:१५

धागा वर काढतेय, रागावू नका. काय झालं ते सांगायचं राहून गेलं.

परातभर यांचं जुडीवरचं वाक्य डोक्यातून जाईना. चार माणसांच्या मापाची जुडी, तर माणसं आणायची कुठून? आमच्या विंगमध्ये मी धरून तीन बायका एकट्या राहतात. ३०२ मध्ये निवृत्त शिक्षिका, १०४ मध्ये एक आहेत त्यांचा मुलगा दुबईला. गेली बारा वर्षं आम्ही लिफ्टमध्ये "झालं का जेवण?" एवढंच विचारत होतो. श्रावणाच्या तोंडावर मी दोघींना चहाला बोलावलं आणि वही दाखवली.

आता सोमवार-गुरुवार माझे, मंगळवार-शुक्रवार ३०२ चे, बुधवार-शनिवार १०४ चे. रविवारी ज्याचं त्याचं. दुपारी एक डबा पोचवायचा, तोच रात्रीला पुरवायचा. स्वयंपाक तिघींचा, पण आठवड्यातून दोनच दिवस. त्या दिवशी अडीच तास लागतात, बाकी चार दिवस ओट्याशी नुसता चहा. पैशांची देवघेव नाही, ज्याचा दिवस त्याचा खर्च.

२८ जुलैपासून दोन आठवडे झाले. माझा खर्च, नाश्ता-रविवार धरून, ११३० आलाय. महिना पूर्ण व्हायचाय म्हणून वहीत पेन्सिलने लिहिलंय. फेकलं ते १८ रुपयांचं: अर्धं लिंबू आणि ३०२ च्या आमटीचा तळ.

कारण भांडण झालंच. ३०२ आमटीत गूळ घालतात तो गूळ नव्हे, पाकच. १०४ ना लसणाशिवाय चव लागत नाही आणि माझा श्रावणात लसूण बंद. मीठ मात्र तिघींनाही कमीच चालतं, गोळी एकच निघाली. सध्या तह असा: गूळ वेगळ्या वाटीत, लसणाची चटणी १०४ ने आपल्या घरी ठेवायची.

मुलाला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे आई, आता तू दुसऱ्यांचा स्वयंपाक करणार?" त्याला म्हटलं, तुझा केला तेव्हा तू काय पहिला होतास?

मेथी आणली. आख्खी जुडी.


हिशेबनीस
१० ऑगस्ट, ४:४०

दोन आठवड्यांचे ११३०, म्हणजे महिन्याचे साधारण २४५०. मे महिन्यापेक्षा साडेपाचशे कमी, आणि तास जवळजवळ निम्मे. भागाकार मी करत नाही, तुम्हीच करा. महिना संपला की पेनाने लिहिलेला आकडा इथे टाका.


परातभर
१० ऑगस्ट, ४:५५

माझी तीन गिऱ्हाइकं फोडू नका एवढंच! एक सांगते, सणाच्या आठवड्यातल्या पाळ्या आत्ताच ठरवून ठेवा. भांडणं गौरी-गणपतीतच होतात.


वऱ्हाडी ठेचा
१० ऑगस्ट, ५:३०

ताई, चौथी जागा हाय का? मले वरण-भात लावता येते आणि भांडी घासायची लाज नाही. मेसवाल्यानं ३६०० केले.


वहीखाते
१० ऑगस्ट, ५:४८

सदाशिव पेठेतून डबा डोंबिवलीला येईस्तोवर आंबेल रे. पण मुंबईला परीक्षेचं केंद्र आलं तर आदल्या दिवशी ये. गुरुवार असेल तर माझी पाळी, मंगळवार असेल तर गुळाची तयारी ठेव.